वेळ तुमचा, घड्याळ त्यांचं

ज्याला पगार द्यायचा नाही त्याला बचतीचं महत्त्व सांगायचं, असा काहीतरी प्रकार मला टाइम मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दिसतो. आमच्या ऑफिसात ते वर्षातून दोनदा होतं. दोन्ही वेळा शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसा ठेवलं तर कामाचं नुकसान होतं. वेळ कसा वाचवायचा हे दोन तास ऐकायचं आणि मग आठ वाजता कॅब शोधत उभं राहायचं. हे दोन तास टाइमशीटमध्ये कुठल्या कोडखाली टाकायचे, असं मी एचआरला तीनदा विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

ट्रेनर काचेची बरणी घेऊन येतात. ही बरणी तुम्हीही पाहिली असेल. नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर नक्की येऊन गेली असेल. आधी मोठे दगड भरायचे, मग खडे, मग वाळू. आधी वाळू भरली तर दगडांना जागा उरत नाही. तात्पर्य, महत्त्वाची कामं आधी करा. टाळ्या. माझा आक्षेप एवढाच की बरणी माझी नाही आणि दगड मी निवडलेले नाहीत. शिवाय मी दगड रचत असताना वरून वाळू ओतायला चार-पाच जण उभे आहेत. त्यातला एक तर लंडनहून ओततोय.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नऊ वर्षं झाली. मध्यंतरी कामाचे दहा दिवस मी माझा वेळ वहीत लिहून काढला. अ‍ॅप वगैरे नाही, साधी शाळेची वही. सरासरी दिवस निघाला दहा तास दहा मिनिटांचा, आणि त्यात घर ते ऑफिस धरलेलं नाही. यातले जेमतेम पावणेतीन तास मी सकाळी ठरवलेल्या कामात गेले. तीन तासांहून जास्त मीटिंगमध्ये. त्यातल्या बहुतेकींत माझं नाव एकदाच घेतलं गेलं, सुरुवातीला, हजेरीसाठी. उरलेला वेळ कुणाच्या तरी बिल्डची वाट बघण्यात, कुणाच्या तरी अप्रूव्हलची वाट बघण्यात आणि 'अर्जंट' म्हणून आलेल्या, पण दुसऱ्या दिवशी रद्द झालेल्या कामांत. मोबाइलवर रील्स बघण्यात किती? रोजची बावीस मिनिटं. इमानदारीत लिहिली आहेत. दोन तासांचं ट्रेनिंग त्या बावीस मिनिटांवर असतं. बाकीच्या सात तासांवर कुणी बोलत नाही.

वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या कॅलेंडरमध्ये कंपनीतलं कोणीही मीटिंग टाकू शकतं. मी मॅनेजरच्या कॅलेंडरमध्ये टाकली तर ती दोन दिवस 'टेंटेटिव्ह' राहते आणि तिसऱ्या दिवशी नाहीशी होते. त्यांच्या मॅनेजरच्या बाबतीत त्यांचंही हेच. तुमच्या कंपनीत सत्ता कोणाकडे आहे हे समजून घ्यायचं असेल तर पदांची नावं सोडा. कोण कोणाचा अर्धा तास न विचारता घेऊ शकतं, ते बघा.

आता यावर सांगितल्या जाणाऱ्या युक्त्या. पोमोदोरो घ्या. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत काढली. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर, पंचवीस मिनिटं अभ्यास, मग छोटी विश्रांती. पद्धत चांगली आहे. सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलाने जरूर वापरावी. पण चिरिलो स्वतःचा अभ्यास करत होता आणि टायमर त्याच्या स्वतःच्या हातात होता, हे ट्रेनिंगमध्ये सांगायचं राहून जातं. माझी मावसबहीण ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये आहे, नाइट शिफ्ट. तिचा प्रत्येक कॉल सेकंदांत मोजला जातो. बाथरूमला जायचं तरी स्क्रीनवर बटण दाबून जावं लागतं आणि महिन्याच्या शेवटी त्या बटणाचा रिपोर्ट येतो. तिलाही पोमोदोरो शिकवलं. पंचवीस मिनिटं एकाच कामावर लक्ष द्या म्हणाले. ती म्हणाली, "सर, सहा मिनिटांत कॉल संपला नाही तर माझ्या नावापुढे लाल होतं." सर हसले. म्हणाले, "गुड पॉइंट." आणि पुढची स्लाइड.

बायकांसाठी एक खास स्लाइड असते. 'मी टाइम'. स्वतःसाठी वेळ काढा. कुठून काढायचा हे त्या स्लाइडवर नसतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषांची ९७. ट्रेनिंग आठ वाजता संपतं तेव्हा खोलीतले अर्धे लोक घरी जाऊन जेवणार असतात आणि अर्ध्या घरी जाऊन जेवण करणार असतात. बरणी मात्र सगळ्यांना एकच.

कामाचा वेळ ही प्रत्येकाच्या सवयीची, शिस्तीची बाब आहे, ही समजूत निदान मुंबई-पुण्यात तरी रुजायला नको होती. रविवारची सुट्टी आपल्याला कॅलेंडरबरोबर फुकट आली असं वाटतं. ती नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्याबरोबरच्या गिरणी कामगारांनी मिळवली. लोखंडे जोतिराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या पाहा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. एकाही मागणीत 'आम्ही आमचं प्राधान्य ठरवायला शिकू' असं नाही. रविवार मिळाला जून १८९० मध्ये. सहा वर्षं लागली.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा प्रश्नच मिटला. काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. १९०५ मध्ये त्यावरून मुंबईत कामगारांचा भडका उडाला. लगेच १९०६ च्या जानेवारीत सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती, म्हणजे गिरणीचं घड्याळ बदललं की कामगाराने सूर्याच्या हिशेबाने तेवढं लवकर उठायचं. कामगार चिडले. एका गिरणीत काम बंद पडलं. मुंबई महापालिकेनेही जुनी 'बॉम्बे टाइम' सोडली नाही, ती पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली. घड्याळ कोणी लावायचं यावर या शहराने भांडण केलेलं आहे. आणि आज रात्री साडेअकराला 'क्विक कॉल?' असा मेसेज आला की आपण हेडफोन शोधतो.

ट्रेनिंगचा दुसरा तास ध्येयांचा. इथे येल विद्यापीठाची गोष्ट येतेच, कधीकधी हार्वर्डची म्हणून. १९५३ च्या बॅचमधल्या फक्त तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून ठेवली होती. वीस वर्षांनी बघितलं तर त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त! मी ही गोष्ट तीन ट्रेनर, एक कॉलेजचे प्राचार्य आणि एक विमा एजंट यांच्याकडून ऐकली आहे. असा अभ्यास झालेलाच नाही. येलनेच शोधाशोध करून तसं सांगितलेलं आहे आणि ते इंटरनेटवर कुणालाही दोन मिनिटांत सापडतं. लोकांचा वेळ वाचवणाऱ्या माणसाला ही दोन मिनिटं मिळत नसावीत.

मग 'स्मार्ट गोल्स'. ही कल्पना जॉर्ज डोरनच्या १९८१ च्या एका छोट्या लेखातली. तो 'मॅनेजमेंट रिव्ह्यू' नावाच्या मासिकात आला होता आणि मॅनेजर लोकांसाठी होता. स्मार्टमधला 'ए' म्हणजे 'अचीव्हेबल', झेपेल असं, असं आता शिकवतात. डोरनचा 'ए' होता 'असाइनेबल', म्हणजे हे काम कोण करणार ते नक्की झालं पाहिजे. जबाबदारी वाटून देण्याची गोष्ट होती ती. प्रत्येक उद्दिष्टात पाचही अक्षरं बसतीलच असं नाही, हेही त्याने लिहून ठेवलं होतं. कंपनीची उद्दिष्टं नीट लिहायची मॅनेजरची चौकट होती ती. फिरत फिरत माझ्या 'वैयक्तिक ध्येयां'च्या फॉर्ममध्ये आली आणि तिथे पाचही रकाने भरल्याशिवाय 'सबमिट' दबत नाही.

वैयक्तिक! त्या फॉर्ममध्ये 'वैयक्तिक' म्हणून जे असतं ते वरून आलेलं असतं. गेल्या वर्षी माझं वैयक्तिक ध्येय होतं, ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या चुका तीस टक्क्यांनी कमी करणे. छान. पण कोड मी लिहीत नाही. रिलीजची तारीख मी ठरवत नाही. टेस्टिंगला आठ दिवस ठेवलेले असतात. आधीच्या टप्प्यांना उशीर होत जातो आणि माझ्यापर्यंत येईतो तीन उरतात. तारीख मात्र तीच. मग उरलेल्या चुका ग्राहकाकडे जातात आणि माझ्या फॉर्मवर येतात.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने हेच एका खेळातून दाखवलं होतं. मला तो खेळ इतका आवडतो की जरा सविस्तर सांगते. एका पेटीत चार हजार मणी, तीन हजार दोनशे पांढरे आणि आठशे लाल. प्रेक्षकांतून सहा 'कामगार' निवडायचे. प्रत्येकाच्या हातात पन्नास खळगे असलेलं फळकूट. ते पेटीत बुडवून पन्नास मणी काढायचे. ग्राहकाला पांढरे मणी हवेत. लाल म्हणजे खराब माल. डेमिंग स्वतः फोरमन व्हायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्याने कामाला लावायचा. कुणाचे सात लाल निघाले की शाबासकी, पगारवाढ. कुणाचे चौदा निघाले की झाप. कालचा उत्तम कामगार आज बारा लाल काढतो, मग त्याच्याबद्दल शंका, बढतीने डोक्यात हवा गेली वाटतं! भिंतीवर गुणवत्तेच्या घोषणा. शेवटी खालच्या तिघांना घरी पाठवायचं आणि वरच्या तिघांकडून डबल शिफ्ट करून घ्यायची. प्रेक्षक हसून हसून बेजार. कारण सगळ्यांना दिसत असतं की पेटीत वीस टक्के लाल आहेत, म्हणजे पन्नासात दहाच्या आसपास लाल येणारच. हात कुणाचाही असो. पेटीत काय भरायचं हे कामगाराने ठरवलेलं नाही.

आमच्या अप्रेझलमध्ये कुणी हसत नाही. तिथे 'या क्वार्टरला तुझे लाल वाढलेत' असं खरोखर ऐकवतात आणि आपण खरोखर मान खाली घालतो. घरी येऊन यूट्यूबवर 'सकाळी पाचला उठण्याचे फायदे' बघतो.

डेमिंगचे चौदा मुद्दे व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात असतात. त्यात घोषणा आणि टार्गेट लादणं बंद करा, आकड्यांचे कोटे बंद करा, वार्षिक मूल्यांकन काढून टाका असं स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच्या नावाचा जपानी पुरस्कार भारतातल्या कंपन्यांनीही पटकावला आहे. हे मुद्दे पटकावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि आकड्यांमागे माणसं खरोखर धावू लागली की काय होतं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ सेवा मारायचं टार्गेट होतं. कर्मचाऱ्यांनी ते पूर्ण केलं, ग्राहकांना न विचारता लाखोंनी खाती उघडून. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं, १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं सांगितलं. ते टार्गेटही स्पष्ट होतं, मोजता येण्यासारखं होतं आणि त्याला मुदत होती.

राहिलं मोटिव्हेशन. कर्मचाऱ्यांना प्रेरित कसं ठेवायचं, हा आमच्या एचआरचा कायमचा विषय. उत्तरं ठरलेली. शुक्रवारी पिझ्झा, दिवाळीला रांगोळी स्पर्धा, 'स्टार ऑफ द मंथ'चा मग. माझं म्हणणं, प्रेरणा आणायचा प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी आलेला फ्रेशर बघा. बीड, नांदेड, चिपळूणहून आलेला असतो, नव्या शर्टाच्या घड्याही मोडलेल्या नसतात, कुणी काही सांगायच्या आधी वहीत लिहून घेतो. प्रेरणा घरूनच आणलेली असते. ती दीड वर्षात कुठे जाते, यावर ट्रेनिंग ठेवा.

आमच्या टीममधल्या एका मुलाची गेलेली मी पाहिली. रिलीजच्या चार दिवस आधी त्याला पेमेंटच्या भागात मोठी चूक सापडली. त्याने रीतसर नोंदवली, स्क्रीनशॉट जोडले, स्टँडअपमध्ये बोलला. सांगितलं गेलं, "आता तारीख हलणार नाही, निगेटिव्ह होऊ नकोस." रिलीज झालं. शनिवारी पहाटे दोनला त्याच चुकीसाठी त्याला उठवून कॉलवर घेतलं आणि सकाळी सातपर्यंत बसवलं. सोमवारी टीमसमोर कौतुक, 'गोइंग द एक्स्ट्रा माइल', मग आणि टाळ्या. शुक्रवारी बोलू दिलं असतं तर शनिवार लागलाच नसता. त्यानंतर तो चुका सापडल्या तरी गुपचूप नोंदवतो, बोलत नाही. त्याच्या गेल्या अप्रेझलमध्ये शेरा आहे, 'पुढाकार वाढवावा'.

हे सगळं चालू असताना वरून आवाज येत असतो तो तास वाढवण्याचा. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचा व्हिडिओ फिरला. त्यात नव्वद तासांची गोष्ट होती, आणि रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत. लोखंड्यांच्या रविवारानंतर १३५ वर्षांनी, मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचे अध्यक्ष! लोकांनी मीम्स केले, मीही दोन फॉरवर्ड केले. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांत दिवसाचे नऊ तास दहा करायला आणि कारखान्यांत नऊचे बारा करायला मंजुरी दिली, त्यावर फारसे मीम्स आले नाहीत.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, असं लिहिलं गेलं. पण व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळलेली आहेत. आता तुमच्या ऑफिसात नुसता 'असोसिएट' उरलाय का कुणी, ते आठवून बघा. हाताखाली एक माणूस नाही, एक रुपया खर्च करायचा अधिकार नाही, पण कार्डावर 'मॅनेजर' आहे. आई गावात सांगते, पोरगी मॅनेजर झाली. आई, मी फक्त ओव्हरटाइममधून बाहेर झाले गं.

माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, मग काय, शिस्तच नको? हवी की. मीही कामांची यादी करते. ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे, म्हणजे दुकानदार, लेखक, विद्यार्थी, रजेवरचा माणूस, त्याने बरणी जरूर भरावी. आणि हो, टाइमपास करणारे लोक प्रत्येक ऑफिसात असतात. आमच्याकडचा एक तर दोनदा प्रमोट झालाय. दुसरा वाद जास्त प्रामाणिक असतो: काम आवडत असेल तर तास मोजावेसे वाटत नाहीत. खरं आहे, मलाही एखादी अवघड चूक शोधताना जेवणाची आठवण राहत नाही. पण ते मी ठरवायचं. माझ्या आवडीचं वेळापत्रक दुसऱ्याने केलं की ती आवड राहत नाही, शिफ्ट होते.

मित्रमंडळींना मी सध्या एवढंच सांगते की दहा दिवस वही लिहा. स्वतःला सुधारण्यासाठी नाही, पुराव्यासाठी. कोणी किती वेळ घेतला, कोणत्या कामासाठी, ते काम पुढे रद्द झालं का. नवं 'अर्जंट' काम आलं की ईमेलवरच विचारा, याच्यासाठी यादीतलं कोणतं काम काढू? 'सगळंच कर' असं उत्तर आलं तर तेही लेखी असू द्या. एकट्याने विचारलं तर 'अ‍ॅटिट्यूड' म्हणतात, म्हणून टीममधल्या चौघांनी एकाच आठवड्यात विचारा. आयटीवाल्यांची संघटना होत नाही ही दंतकथा आहे. कर्नाटकात २०२४ मध्ये कामाचा दिवस लांबवायचा प्रस्ताव आला तेव्हा आयटी कर्मचाऱ्यांची युनियन रस्त्यावर उतरली होती. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. तुमच्या खासदाराचं त्यावर काय मत आहे, हे निवडणुकीत विचारलंत का?

यंदाचा ध्येयांचा फॉर्म मी भरून पाठवलाय. वैयक्तिक ध्येयाच्या रकान्यात लिहिलं, 'साडेसहाला लॅपटॉप बंद, वर्षातले किमान दोनशे दिवस.' स्पष्ट आहे, मोजता येतं, मुदत आहे. मॅनेजरनी 'हे बिझनेसशी अलाइन होत नाही' म्हणून परत पाठवलं. मी वहीतल्या दहा दिवसांचे आकडे जोडून पुन्हा सबमिट केलंय. सध्या स्टेटस 'पेंडिंग' दिसतंय.